खांदा सारखा निसटतोय आणि डॉक्टर म्हणतायत हाड लावूया, म्हणजे नेमकं काय करणार?

गेल्या पावसाळ्यात आमची आक्का खानापूरकडच्या गावातनं पोराला घेऊन आली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म आणि रिपोर्ट, आणि बसायच्या आधीच सुरू, "बाळ, ह्याच्या कमरेचं हाड काढून खांद्यात घालणार म्हणे, मग पोरगं चालणार कसं?" पोरगं म्हणजे माझा भाचा, एकवीस वर्षांचा, कबड्डीत रेडर. तो वेगळ्याच काळजीत, "मामा, माझं हाड मोडलंय कुठं? नुसता खांदा सटकायलाय की. हाड कशाला लावायलेत?"

मी बेळगावात फिजिओथेरपी करतो. ऑपरेशन मी करत नाही, पण झाल्यावर ते खांदे माझ्याकडंच येतात, त्यामुळं कुठलं ऑपरेशन कुणाला मानवलं आणि कुणाला परत टेबलावर जावं लागलं हे बघायला मिळतं. भाच्याचा प्रश्न बरोबर होता आणि तो बहुतेकांना पडतो पण डॉक्टरसमोर विचारायला जमत नाही, त्यात डॉक्टर कन्नड बोलणार, रिपोर्ट इंग्रजीत आणि आपण मराठीत विचार करणार, मधल्या मधे अर्धं राहतंच. म्हणून त्या दिवशी त्याला जे सांगितलं ते इथं सगळं लिहून ठेवतोय.

शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. खांदा तसाच आहे. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा म्हणजे लिंबू, आणि पाठीच्या फऱ्याला जी उथळ वाटी असते ती चमचा. कमरेच्या खुब्यात गोळा खोल बसलेला असतो, खांद्यात तसं नाही, कुठल्याही वेळी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा वाटीला टेकलेला असतो. म्हणून तर हात सगळीकडं फिरतो, चेंडू टाकता येतो, माळ्यावरचं पोतं काढता येतं. लिंबू पडू नये म्हणून वाटीच्या काठाला रबरासारखी एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात, शिवाय पुढनं पडदे आणि स्नायू. खांदा पहिल्यांदा निखळतो तेव्हा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि जाताना ही कड वाटीवरनं उचकटून टाकतो. लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी १९२३ साली ही दुखापत नीट मांडली म्हणून तिला बँकार्ट लीजन म्हणतात, रिपोर्टात हा शब्द दिसला की घाबरू नका, कड सुटली एवढाच अर्थ.

पण कुस्तीत, कबड्डीत, मोटरसायकलवरनं पडताना नुसती कड सुटत नाही, कडेबरोबर वाटीच्या हाडाचा तुकडाही उडतो, किंवा सारखं सारखं निसटून ती बाजू घासून गुळगुळीत होते. आणि तरुणपणी एकदा निखळला की परत निखळतोच म्हणा ना, एडिनबरातल्या २००६ च्या एका अभ्यासात १५ ते ३५ वयाच्या माणसांत दोन वर्षांतच निम्म्याहून जास्त जणांचा खांदा परत अस्थिर झाला होता. आपल्याकडं तर पहिल्यांदा हाडवैद्याकडं बसवला, दुसऱ्यांदा आखाड्यातल्या वस्तादानं ओढून बसवला, तिसऱ्यांदा पोरानं स्वतःच झाडाला धरून बसवला, असं चालतं. भाच्याचा नऊ वेळा गेला होता! शेवटी शेवटी झोपेत हात डोक्याखाली गेला तरी जायचा. प्रत्येक वेळी चमच्याची एक बाजू थोडी थोडी झिजत होती आणि हे कुणाच्या लक्षात नव्हतं, कारण बसल्यावर दुखणं थांबतं.

दुसरी बाजूही बघायला लागते. गोळा बाहेर येऊन वाटीच्या टणक कडेवर आपटतो तेव्हा गोळ्याच्या मागच्या भागाला खड्डा पडतो, पिकलेला पेरू दाराच्या कडेवर आपटल्यावर पडतो तसा. हिल आणि सॅक्स या दोन रेडिऑलॉजिस्टनी १९४० साली त्याबद्दल लिहिलं, म्हणून हिल-सॅक्स.

आता बांधाकडं येऊया, कारण खानापूर तालुक्यातल्या माणसाला भाताचा बांध सांगितला की लगेच कळतं. बांधावरचं गवत नुसतं सुटलं असेल तर ते परत लावून चिखल लिंपला की झालं. हे म्हणजे बँकार्ट रिपेअर, दुर्बिणीनं करतात, तीन-चार छोटे अँकर, म्हणजे हाडात रुतणारे दोरा लावलेले खिळे, मारून कड परत वाटीला शिवतात, भोकं लहान, दुखणं कमी. पण बांधाची मातीच वाहून गेली असेल तर? वर कितीही गवत लावा, पुढच्या पावसात परत फुटणार. तिथं माती आणि दगडच घालायला लागतात. ते आणायचे कुठनं हा पुढचा प्रश्न, आणि 'बोन ग्राफ्ट' म्हणजे तेवढंच, वाटीचा वाहून गेलेला भाग भरायला दुसरीकडनं आणलेलं हाड. भाच्याचं हाड मोडलं नव्हतं, झिजून कमी झालं होतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. बर्कहार्ट आणि डी बीअर या दोन सर्जननी २००० साली १९४ दुर्बिणीच्या बँकार्ट ऑपरेशनांचा हिशोब मांडला. ज्यांचं हाड नीट होतं त्यांच्यात परत निखळणं ४ टक्के, आणि ज्यांचं हाड बरंच गेलं होतं त्यांच्यात ६७ टक्के. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळातल्या आणि हाड गेलेल्या पोरांत तर ८९ टक्के. टाके तेच, हात त्याच सर्जनचे, फरक फक्त खाली हाड किती उरलं होतं याचा. त्यांनी एक खूणही सांगितली, चांगली वाटी समोरनं बघितली तर नासपतीसारखी दिसते, वर निमुळती खाली रुंद, आणि खालची पुढची बाजू झिजली की तीच नासपती उलटी धरल्यासारखी दिसते.

म्हणून कुठलं हाड लावायचं याच्या आधी किती गेलंय हे मोजायला लागतं, आणि इथं मला जरा राग येतो. माझ्याकडं एक पैलवान आलेला, तीन वर्षांत दोनदा दुर्बिणीचं ऑपरेशन झालेला, दोन्ही वेळा परत निखळलेला, त्याचा सीटी स्कॅन एकदाही झाला नव्हता. एमआरआय होता. एमआरआयमध्ये कड, स्नायू, पडदे छान दिसतात, पण हाड मोजायला सीटी आणि तोही थ्री-डी केलेला बरा, ज्यात गोळा बाजूला काढून वाटी एकटी समोरनं दाखवतात. वाटीचा खालचा भाग साधारण गोल असतो, त्यावर गोल वर्तुळ बसवायचं किंवा दुसऱ्या खांद्याशी ताडून बघायचं, आणि पुढनं किती मिलिमीटर कमी पडतंय ते मोजायचं. भाच्याची चांगली बाजू २७ मिलिमीटर रुंद होती आणि दुखऱ्या बाजूला ६ मिलिमीटर कमी, म्हणजे साधारण २२ टक्के. ऐकायला सहा मिलिमीटर म्हणजे काय, नख एवढं, पण एवढ्याशा वाटीत तो पाचव्या हिश्श्याहून जास्त.

सीमारेषा कुठं आखायची यावर डॉक्टरांत वाद आहेत. जपानचे इतोई यांनी २००० साली मृत शरीरांच्या खांद्यांवर प्रयोग करून २१ टक्क्यांच्या आसपास आकडा काढला, आणि बरीच वर्षं २० ते २५ टक्के हीच रेघ धरली जायची. मग २०१५ साली अमेरिकन सैनिकांवरच्या अभ्यासात दिसलं की १३.५ टक्क्यांच्या वर हाड गेलेलं असेल तर टाके घालून खांदा परत निखळला नाही तरी माणूस त्या खांद्यावर खूश नसतो. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, भरतीची तयारी करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांना नुसतं 'निखळत नाही' एवढं पुरत नाही, दोरावर चढता आलं पाहिजे.

गोळ्यावरचा खड्डाही हिशोबात धरतात. बैलगाडीची चाकोरी असते ना, तसं वाटी गोळ्यावरनं एका ठरलेल्या पट्ट्यातनं फिरते. खड्डा चाकाच्या रुंदीच्या आत बसला तर चाक वरनं निघून जातं, पण खड्डा चाकाच्या कडेबाहेर गेला की चाक त्यात उतरणार आणि गाडी कलंडणार. वाटीचं हाड झिजणं म्हणजे चाकच अरुंद होणं, म्हणजे तोच खड्डा जो आधी चालत होता तो आता चालत नाही. रिपोर्टात ऑन-ट्रॅक, ऑफ-ट्रॅक लिहितात ते हेच. हाड फार गेलेलं नाही पण खड्डा ऑफ-ट्रॅक आहे, तेव्हा काही जण मागचा स्नायू त्या खड्ड्यातच शिवून टाकतात, त्याला रेम्प्लिसाज म्हणतात, फ्रेंच शब्द, अर्थ भरणं.

आता हाड कुठनं आणायचं.

पहिला आणि सगळ्यात जास्त चालणारा मार्ग म्हणजे शेजारच्याच बांधाचा दगड. खांद्याच्या पुढं, कॉलरबोनच्या खाली बोट दाबलं तर एक टणक गाठ लागते, ते कोरॅकॉइड. ग्रीक भाषेत कोराक्स म्हणजे डोमकावळा, आणि खरंच ते हाड कावळ्याच्या चोचीसारखं वाकलेलं असतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरातले मिशेल लातार्जे यांनी १९५४ साली ही चोच तिला चिकटलेल्या स्नायूंच्या दोरीसकट कापून वाटीच्या झिजलेल्या कडेवर स्क्रूनं बसवायची पद्धत सांगितली, म्हणून ऑपरेशनलाही लातार्जेच म्हणतात. आज साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा घेतात, पुढच्या स्नायूला मधनं चिरून त्या फटीतनं आत नेतात आणि दोन स्क्रू मारतात. गंमत अशी की याचा फायदा नुसता हाडाचा नाही. एक तर वाटी रुंद झाली. दुसरं म्हणजे हाडाबरोबर आलेली ती दोरी, हात वर आणि बाहेर गेला की, म्हणजे रेडर पकडला जातो तेव्हा हात असतो नेमका तसा, गोळ्याच्या पुढनं खालनं पट्ट्यासारखी ताणली जाते आणि त्याला अडवते. मृत शरीरांवरच्या प्रयोगांत तर हात त्या स्थितीत असताना या पट्ट्याचाच वाटा मोठा निघाला. तिसरं, पुढचे पडदे तुकड्याबरोबर शिवून घट्ट करता येतात. म्हणून कबड्डी-कुस्तीवाल्यांना बहुतेक सर्जन हेच सुचवतात, आणि मला वाटतं बरोबरच सुचवतात.

पण फुकट काही मिळत नाही. त्या दोरीत कोपर वाकवणाऱ्या स्नायूंची नस शिरते, खाली जवळच खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूची नस जाते, दोन्ही ओढल्या किंवा दुखावल्या जाऊ शकतात, बहुतेक वेळा महिन्यांत सुधारतात पण कायमचीही दुखापत होऊ शकते. तुकडा बसवण्यातही नखाएवढी चूक चालत नाही, वाटीच्या बाहेर आला तर गोळा त्यावर घासून पुढं संधिवात होतो, फार आत बसला तर बांध घातला पण पाण्याच्या लेव्हलच्या खाली, उपयोग शून्य. म्हणून हे ऑपरेशन वर्षातनं एखादं करणाऱ्याकडं करू नये, किती केलेत हे सरळ विचारा, लाजू नका. उघडं करायचं की दुर्बिणीनं यावर लोक फार अडून बसतात, मला तर तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न वाटतो. आणि एकदा ही चोच वापरली की वापरली, तिथली रचना बदललेली असते, परत ऑपरेशन करायची वेळ आली तर सर्जनला आत वाट शोधायला त्रास होतो.

दुसरा मार्ग आपल्याच शेताच्या दुसऱ्या टोकाची माती, म्हणजे कमरेच्या हाडाची वरची कड, जिथं आपण हात ठेवून उभं राहतो ती. आक्काची भीती हीच होती. तर तिथनं पेटीसारखा छोटा तुकडा काढतात, सगळं कंबरडं नाही, आणि माणूस साधारण दुसऱ्या दिवसापासून चालतो. पण चालताना, कुशीवर वळताना काही आठवडे खांद्यापेक्षा कंबरच जास्त ठणकते असं पेशंटच सांगतात, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कधीकधी बधिरपणा राहतो. पद्धत जुनी आहे, ईडन यांनी १९१८ मध्ये आणि हायबिनेट यांनी १९३२ मध्ये हाड लावून वाटी वाढवायची कल्पना मांडली, तीच नावं आजही चालतात. फायदा हा की पाहिजे तेवढा मोठा तुकडा मिळतो, चोच आणि तिचे स्नायू जागच्या जागी राहतात. म्हणून फार हाड गेलं असेल किंवा लातार्जे एकदा फसली असेल तर हाच आधार. ऑस्ट्रियात तर या हाडाला इंग्रजी J अक्षरासारखा आकार देऊन वाटीच्या हाडात चीर पाडून ठोकून बसवतात, स्क्रू लागतच नाही, आपण सुतारकामात पाचर ठोकतो तसं.

मग दोघांत चांगलं कुठलं? यावर २०१९ साली एक चांगली तुलना आली, ६० पेशंट, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना लातार्जे आणि निम्म्यांना कमरेचं हाड. दोन वर्षांनी खांदा किती चालतो याच्या गुणांत, म्हणजे स्कोअरमध्ये, म्हणण्यासारखा फरक नाही. लातार्जेवाल्यांचा हात पाठीमागं आत वळायला जरा कमी वळत होता, आणि कमरेवाल्यांत चारातल्या साधारण एकाला हाड काढलेल्या जागी संवेदना कमी झालेली. म्हणजे दुखणं कुठं परवडतं हे तुम्ही ठरवायचं, असंच झालं जवळजवळ.

तिसरा मार्ग बाहेरनं आणलेला दगड, दान केलेलं हाड. अमेरिकेत प्रोव्हेंचर यांनी २००९ च्या सुमारास घोट्याजवळच्या नडगीच्या खालच्या टोकाचा तुकडा वापरायची पद्धत मांडली, कारण त्याचा बाक वाटीला जुळतो आणि त्यावर कूर्चेचा गुळगुळीत थरही असतो, जो कमरेच्या हाडावर नसतो. स्वतःच्या शरीराला दुसरी जखम नाही हा मोठा फायदा. आपल्या देशात अवयवदानाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं ऊतीही (हाडासारखे शरीराचे भाग, म्हणजे टिश्यू) आल्या, मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक आहे, पण ताजं, जिवंत कूर्चेचं, मापाचं हाड बेळगाव-कोल्हापूरकडच्या पेशंटला ठरलेल्या तारखेला मिळणं ही सोपी गोष्ट नाही, आणि प्रक्रिया करून वाळवलेल्या हाडात कूर्चा जिवंत राहत नाही. शिवाय परकं हाड मुरायला वेळ घेतं.

कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाचा छोटा तुकडा घ्यायचीही एक नवी पद्धत आहे, त्यालाही कूर्चा असते, पण तुकडाच लहान, थोडं हाड गेलं असेल तरच.

निपाणी, चिकोडीकडच्या पेशंटना मी एक गोष्ट हात जोडून सांगतो, आणि तंबाखूच्या पट्ट्यात बसून हे सांगणं म्हणजे विनोदच आहे. लावलेलं हाड जुळायला तिथं रक्त पोचायला पाहिजे आणि निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. बिडी ओढा नाहीतर तंबाखू मळून दाढेखाली धरा, निकोटीन ते निकोटीनच. "मी ओढत नाही डॉक्टर, नुसती खातो" असं म्हणणारे रोज भेटतात. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून हाड जुळेपर्यंत बंद. आणि फिट येत असेल तर ते लपवू नका, फिट ताब्यात नसेल तर कुठलंही हाड लावा, एका झटक्यात स्क्रूसकट उखडतं.

खर्चाचं एवढंच, सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड कर्नाटकाचं असेल आणि ऑपरेशन मिरजेला किंवा कोल्हापूरला करायचं असेल तर ते तिथं चालतं का हे आधी फोन करून विचारा, ॲडमिट झाल्यावर नको.

भाच्यानं शेवटी लातार्जे करून घेतली. तीन-चार आठवडे झोळी, मग हळूहळू हलवणं. लातार्जेत सहा आठवडे कोपर वाकवून वजन उचलायचं नाही, कारण ती दोरी त्याच तुकड्याला ओढते, आणि हा गडी पाचव्या आठवड्यात दुधाचा कॅन उचलताना सापडला! आक्कानंच फोन करून सांगितलं. नशीब, काही सरकलं नव्हतं.

सहाव्या महिन्याला सीटी काढला, मैदानात सोडायचं का ते बघायला. रिपोर्ट हातात आला आणि याचा फोन, आवाज रडका, "मामा, लावलेलं हाड गायब व्हायलंय म्हणे, वरचं थोडं विरघळलंय असं लिहिलंय." मी फिल्म मागवली. खालचा भाग वाटीला पक्का जुळला होता, स्क्रू जागच्या जागी, फक्त वरच्या टोकाचा थोडा भाग बारीक झाला होता, आणि लातार्जेत हे बऱ्याच जणांत दिसतं. ज्या हाडावर भार येतो ते शरीर ठेवतं, ज्यावर येत नाही ते काढून घेतं, वोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९२ सालीच हे लिहून ठेवलंय. गोळा टेकतो तो खालच्या भागावर, तिथं हाड भक्कम होतं. सर्जननंही तेच सांगितलं आणि सरावाला परवानगी दिली.

आक्का मागनं फोनवर विचारत होती, "कमरेला हात नाही ना लावला त्यांनी?" सहा महिने झाले तरी!